काउंटर फ्लोची रीडिंगं

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. हरकत घ्यायचं कारणच नव्हतं, कारण बाकीची एकोणतीस मुलं तिच्या भाचरांच्या वयाची होती आणि खुद्द सर तिच्याहून दोन वर्षांनी लहान होते. सरांनी आधी ‘मॅडम’ म्हणून बघितलं, पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्याही तोंडून ‘ताई’ निघालं आणि मग तेच कायम झालं.

दिवसा ताई दुधाच्या कारखान्यात असे. दूध बहात्तर अंशांपर्यंत तापवायचं, पंधरा सेकंद तसंच ठेवायचं आणि लगेच थंड करायचं, हे करणारं यंत्र ती सोळा वर्षं चालवत होती. आत स्टीलचे शंभरेक पातळ पत्रे. एका फटीतून गरम दूध जातं, शेजारच्या फटीतून थंड दूध उलट दिशेने येतं, आणि जाता जाता गरम आपली ऊब थंडाला देऊन टाकतं. ताईने पाईपाला हाताची मागची बाजू लावली की तापमान सांगावं आणि मीटर बघणाऱ्याने मान हलवावी, अशी तिची ख्याती. दर तासाला ती लॉगबुकात आकडे लिही. पानाच्या तळाशी सही मात्र इंजिनिअर साहेब करत, कारण सहीला पदवी लागते. यंत्र चालवायला लागत नाही.

हे साहेब सव्वीस वर्षांचे. ताई संध्याकाळी शिकायची त्याच कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेले. व्हॉल्व्ह जरा कुरकुरला की ‘ताई, जरा बघता का’ म्हणून येत, आणि आठवड्याच्या सगळ्या सह्या शनिवारी चहाबरोबर एकदम उरकत. आकड्यांकडे ते बघत नसत. ते एका अर्थी बरंच होतं, कारण बघितले असते तर विचारले असते, आणि ताईला समजावत बसावं लागलं असतं.

जुने शिफ्ट इनचार्ज वर्षअखेर निवृत्त होणार होते. मॅनेजर ताईला म्हणाले होते, “पदवी आणा, खुर्ची तुमची.” खुर्चीचं ताईला फारसं कौतुक नव्हतं, उभं राहून काम करायची तिला सवय होती. तिला हवी होती ती खुर्चीबरोबर येणारी सही. आपण बघितलेल्या आकड्याखाली आपलं नाव, एवढंच. त्यासाठी तिने संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं होतं, आणि सात वर्षांत पदवी पुरी केली नाही तर नाव कटतं, हा नियम तिला पहिल्या दिवशीच सांगितला होता. आता सातवं वर्ष चालू होतं. सगळे पेपर सुटले होते. अडला होता एकच विषय, उष्णतेची प्रात्यक्षिक परीक्षा.

तीही तिला येत नव्हती असं नाही. पहिल्या खेपेला परीक्षेच्या सकाळीच साहेबांचा फोन आला की यंत्र बंद पडलंय, बारा हजार लिटर दूध नासेल. ताई गेली. दूध वाचलं, साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं आणि ताईला ‘गैरहजर’ असा शेरा. दुसऱ्या खेपेला तोंडी परीक्षेत विचारलं, रेनॉल्ड्स नंबर म्हणजे काय. ताई म्हणाली, “पाणी शहाण्यासारखं वाहतंय की दंगा करत वाहतंय ते सांगणारा आकडा.” उत्तर शंभर टक्के बरोबर होतं, पण परीक्षकांना सूत्र हवं होतं. ताईला सूत्र येत होतं. फक्त आधी अर्थ सांगावा असं तिला वाटलं, आणि परीक्षकांना तेवढा वेळ नव्हता. म्हणजे आता ही तिसरी खेप, आणि नियमाप्रमाणे शेवटची.

अभ्यास घेत सासूबाई. त्या चौथी शिकलेल्या, पण वही हातात धरून समोर बसल्या की एखाद्या मास्तरणीला लाजवतील. ऐकून ऐकून त्यांना रेनॉल्ड्स, प्रांटल असे सगळे नंबर पाठ झाले होते आणि नातेवाइकांबद्दल बोलावं तसं त्या त्यांच्याबद्दल बोलत. “तो प्रांटल नीट कर. कालही तू त्याला वरचं खाली केलंस,” असं त्या भाजी निवडता निवडता सांगत. एकदा त्यांनी विचारलं, “पण हे सगळं पुस्तक म्हणतं तरी काय?”

ताईने समजावलं की तीन गोष्टींचा प्रवास आहे. वेग, उष्णता आणि पदार्थ. तिन्हींचा नियम एकच, जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे जायचं. फरक जितका मोठा तितकं जास्त जातं.

सासूबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “हे पाईपातच होत असणार. माणसांत मी सत्तर वर्षांत बघितलं नाही. आमच्या मोठ्या दीरांकडे किती होतं, आणि आमच्याकडे किती कमी. फरक चांगला मोठा होता की.”

तर अशी सगळी तयारी होती. आता त्या प्रयोगशाळेबद्दल सांगितलं पाहिजे.

प्रयोगशाळेच्या खिडकीखाली एक लांबलचक हीट एक्स्चेंजर होता. नाव भारदस्त, वस्तू साधी: एका पाईपात दुसरा पाईप. आतल्यातून गरम पाणी, बाहेरच्यातून थंड. दोन्ही एकाच दिशेने सोडली तर पॅरलल फ्लो, एकमेकांच्या उलट सोडली तर काउंटर फ्लो. यंत्रावर निळ्या रंगात ‘काउंटर फ्लो’ असं लिहिलं होतं, आणि शेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी. त्या पाटीचा मान सगळे ठेवत. यंत्राला खरोखरच कोणी हात लावत नसे.

त्याची गरजही नव्हती. प्रयोगशाळेचे सहायक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांच्या खणात एक जर्नल होतं. पुठ्ठा गेलेला, पहिलं पान फाटलेलं, त्यामुळे कोणाचं ते ठाऊक नाही. मुलं त्याला सोन्याची वही म्हणत. त्यात प्रत्येक प्रयोगाची रीडिंगं, आकडेमोड, आलेख आणि निष्कर्ष तयार होते. दरवर्षीची मुलं ती उतरवत, कोणाला संशय येऊ नये म्हणून शेवटचा आकडा थोडा इकडेतिकडे करत, आणि वही पुन्हा अण्णांच्या खणात जाई. घरोघरी विरजण द्यावं तसे अण्णा ती देत, आणि परत आली नाही तर मागायला जात.

यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सर दर शुक्रवारी सह्या करत. अण्णांचं म्हणणं, “मुलांना नोकऱ्या लागतात ना? मग?” आणि नोकऱ्या लागतच होत्या.

ताईलाही वही मिळाली. तिने ती उघडली, हीट एक्स्चेंजरचं पान काढलं आणि लिहायला बसली. गरम पाणी सत्तर अंशांना आत, चव्वेचाळीसला बाहेर. थंड पाणी सत्तावीसला आत, एक्कावन्नला बाहेर. पेन कागदावर टेकवलं आणि ते पुढे सरकेना. ती काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हती. घरी चुलत सासऱ्यांना ‘बाहेर गेलेत’ असं ती नवरा आत बसलेला असताना बेधडक सांगायची. पण न बघितलेलं तापमान लिहायचं म्हटलं की तिचा हात अडायचा. कारखान्यात पहिल्या वर्षी ती एकदा मीटर न बघता बहात्तर लिहून मोकळी झाली होती, आणि तो सगळा माल गटारात ओतताना तिला तिथे उभं केलं होतं. सोळा वर्षं झाली, हाताने ते काही सोडलं नव्हतं.

म्हणून तिने अण्णांना सांगितलं, “अण्णा, यंत्र चालू करून द्या.”

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू भिंतीवरच्या फोटोने पाणी मागितलं. “कशाला?”

“रीडिंग घ्यायचंय.”

“ते वहीत आहे की.”

“ते वहीतलं झालं. आजचं घ्यायचंय.”

अण्णा माणूस वाईट नव्हता. चावी शोधायला अर्धा तास गेला, पण यंत्र चालू झालं. पाणी गंजकं आलं, मग साफ आलं. ताईने थर्मामीटर लावले, बादली आणि घड्याळ घेऊन पाणी मोजलं, वीस मिनिटं आकडे स्थिर व्हायची वाट बघितली आणि लिहिलं. गरम सत्तरला आत, बावन्नला बाहेर. थंड सत्तावीसला आत, त्रेचाळीसला बाहेर. तिने पुन्हा घेतलं. तेच आलं. पाण्याचा वेग बदलला, आकडे थोडे हलले, पण थंड पाणी काही केल्या गरमाच्या पुढे जाईना.

आणि काउंटर फ्लोची गंमतच ही की त्यात थंड पाणी पुढे जाऊ शकतं. बाहेर पडणारं गरम पाणी चव्वेचाळीसवर उतरतं आणि बाहेर पडणारं थंड पाणी एक्कावन्नवर चढतं, कारण थंडाची शेवटची गाठ सगळ्यात गरम टोकाशी पडते. दोघं एकाच दिशेने निघाले तर मात्र ते कधीच जमत नाही. फार तर दोघं सारखे होतील. ताईला हे सूत्रातून कळलं नव्हतं. रोज आठ तास ती हेच बघत होती.

तिने पाटीकडे दुर्लक्ष केलं आणि पाईपाला हात लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. जिथून गरम पाणी आत शिरत होतं, बाहेरचा पाईप तिथेच सगळ्यात गार होता.

“अण्णा, हा उलटा जोडलाय. दोन्ही पाणी एकाच टोकाने आत येतंय. हा पॅरलल आहे.”

अण्णांनी डोकं खाजवलं. अकरा वर्षांपूर्वी पाईप सडला होता म्हणून प्लंबर बोलावला होता. नळ ज्या बाजूला होता त्या बाजूला त्याने जोडून दिलं. गळत नव्हतं, त्यामुळे काम चांगलं झालं असंच सगळ्यांनी धरलं. म्हणजे अकरा वर्षं मुलं पॅरलल यंत्रावर काउंटरची रीडिंगं लिहीत होती, आणि अकरा वर्षं ती बरोबर येत होती.

“दोन जोड तर सोडायचेत. माझ्या पिशवीत पाना आहे,” ताई म्हणाली.

“नाही नाही. परीक्षा तीन दिवसांवर आलीये. यंत्रात बदल करायचा तर अर्ज करावा लागतो. तीन सह्या लागतात.”

ताई सरांकडे गेली. सर पेपर तपासत होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. “ताई, तुमचं खरं असेल. पण परीक्षेत यंत्र बरोबर आहे असं आपण धरून चालतो. गुणांची योजना आहे. पन्नासपैकी वीस गुण उत्तराला. अपेक्षित उत्तरापासून दहा टक्क्यांच्या आत आलात तर वीस, नाहीतर शून्य. उरलेल्या तिसात तुम्ही वीस काढून दाखवणार आहात का? तोंडी परीक्षेत मागच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना?”

“आणि अपेक्षित उत्तर कुठून आलं, सर?”

सरांनी चष्मा पुन्हा लावला. “ते पूर्वीपासूनच आहे.”

घरी सासूबाईंनी निवाडा दिला, “सगळे खोटं लिहितायत तर तूही लिही, आणि पास झालीस की मग खरं बोल. खरं बोलायला आधी बसायला जागा लागते, सूनबाई. उभ्या माणसाचं कोण ऐकतं?”

ताईला ते पटलं. अगदी मनापासून पटलं. अंथरुणावर पडल्या पडल्या तिने चारही आकडे घोकले: सत्तर, चव्वेचाळीस, सत्तावीस, एक्कावन्न.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. मोठ्या कंपनीत तांत्रिक विभागाचे प्रमुख. याच कॉलेजचे माजी विद्यार्थी. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर यशस्वी माणसांचे फोटो लावले होते, त्यात तिसरा त्यांचा. फोटोत केस होते, एवढाच फरक. त्यांनी आल्या आल्या गुणांच्या योजनेवर न वाचता सही केली आणि चहा घेतला.

चिठ्ठ्या उचलल्या. ताईला हीट एक्स्चेंजर आला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे दोघांनी संगनमत केलं होतं. अण्णांनी जाता जाता तिच्या टेबलावर एक घडी घातलेला कागद ठेवला. आत चार आकडे होते, तिच्या भल्यासाठी.

ताईने यंत्र चालू केलं. थर्मामीटरचा पारा चढला आणि थांबला. त्रेचाळीस. समोर त्रेचाळीस दिसत होते, घडीच्या कागदात एक्कावन्न होते, आणि सात वर्षांची संध्याकाळ पणाला लागली होती. तिला रडू यायला लागलं. स्वतःचा राग आला, प्लंबरचा आला, त्या बारा हजार लिटर दुधाचाही आला. तिने खूप मनापासून एक्कावन्न लिहायचा प्रयत्न केला. पाच लिहिला. मग तो खोडला आणि त्रेचाळीस लिहिले. खाली शेरा लिहिला: ‘थंड पाण्याचा पाईप गरम पाण्याच्याच टोकाला जोडलेला आढळला. हाताने तपासले. यंत्र प्रत्यक्षात पॅरलल फ्लो आहे.’

परीक्षक आले तेव्हा त्यांनी आधी तिचा कागद बघितला, मग टेबलावर रचलेल्या जर्नलांतलं वरचं उघडलं. मग दुसरं. मग पाचवं.

“बाई, या सगळ्यांचं एक्कावन्नच्या आसपास आलंय. तुमचंच त्रेचाळीस कसं?”

सर मध्येच म्हणाले, “यंत्र जरा जुनं झालंय.”

“मी बाईंना विचारतोय.”

ताई म्हणाली, “साहेब, पाईपाला हात लावून बघा. या टोकाला.”

त्यांनी पाटी वाचली, मग सरांकडे बघितलं आणि कोटाची बाही सरकवून हात लावला. दुसऱ्या टोकालाही लावला. आता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मग या बाकीच्यांची रीडिंगं कुठून आली?”

अण्णा खणाच्या पुढ्यात उभे होते, त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. एकोणतीस मुलं ताईकडे बघत होती. चुगली करायची तर यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती.

“ते मला कसं माहीत असणार, साहेब? मी माझं यंत्र चालवलं.”

परीक्षकांनी सगळ्यांना बाहेर चहाला पाठवलं. ताईला थांबायला सांगितलं. मग त्यांनी एक जर्नल तिच्यासमोर सरकवलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “हा गुणाकार करा.”

ताईने बघितलं. सात आठे छप्पन्न, हे पाढे म्हणणाऱ्या पोरालाही ठाऊक. इथे चोपन्न लिहिले होते. त्यांनी दुसरं जर्नल उघडलं. चोपन्न. तिसऱ्यात चोपन्न. एकोणतीस जणांनी चोपन्न लिहिले होते, आणि प्रत्येकाच्या शेजारी सरांची लाल खूण होती, ‘बरोबर’.

“हे माझे चोपन्न आहेत,” परीक्षक हळू आवाजात म्हणाले. “तेवीस वर्षांपूर्वीचे. हे सगळं जिथून उतरलंय ते जर्नल माझं.”

ताईने, धीर द्यायचा म्हणून, म्हटलं, “पण तेव्हा पाईप बरोबर जोडलेला असणार. तुम्हाला खरंच एक्कावन्न आलं असेल.”

“तेव्हा पाणीच नव्हतं. नळ दोन आठवडे बंद होता. पुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर घेतलं आणि उलटं गणित करत रीडिंगापर्यंत आलो. त्यात घाईत तो गुणाकार चुकला.” ते जरा हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. “मला वाटलं होतं, कोणीतरी पकडेल. वर्षभर धास्ती होती.”

मग त्यांनी गुणांची योजना पुढे ओढली आणि पहिल्यांदा वाचली. अपेक्षित उत्तराच्या चौकटीत त्यांचंच उत्तर होतं, दोन दशांश स्थळांसकट.

“यावर सकाळी माझी सही झालीये. बदलायची तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहायचं तर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “तुमचं उत्तर अपेक्षितापासून एकेचाळीस टक्के लांब आहे. म्हणजे वीस गुण गेले.”

“समजलं, साहेब.”

“रेनॉल्ड्स नंबर म्हणजे काय?”

ताईने या वेळी आधी सूत्र सांगितलं, मग अर्थ. प्रांटलही वरचं वर, खालचं खाली ठेवून सांगितला. सासूबाईंचे कष्ट वाया गेले नाहीत. परीक्षकांनी तिसापैकी बावीस दिले. पास व्हायला वीस लागत होते.

ती वर्गात शेवटून पहिली आली. बाकीच्यांत चव्वेचाळीस गुणांच्या खाली कोणी नव्हतं. परीक्षकांनी अहवालात लिहिलं, ‘विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकांतली तयारी समाधानकारक’, आणि ते गाडीत बसून गेले.

सगळं आटोपल्यावर सर तिच्याजवळ आले आणि जरा चाचरत म्हणाले, “ताई, तो पाना आहे का पिशवीत?” अर्ज, तीन सह्या, सगळं बाजूला राहिलं. वीस मिनिटांत ताईने दोन्ही जोड सोडले आणि पाईप सरळ करून दिला. निळ्या रंगातली अक्षरं अकरा वर्षांनी खरी झाली. पाणी सोडून बघायची तिची इच्छा होती, पण नळाची वेळ संपली होती. परीक्षेचा कागद जोडून जर्नल तिने नियमाप्रमाणे जमा केलं.

पदवी आली. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाल्या, “प्रांटलचं नाव कुठे दिसत नाही.” वर्षअखेर जुने इनचार्ज गेले आणि ताई त्यांच्या जागी आली. पहिल्या दिवशी लॉगबुकाच्या तळाशी तिने सही केली. सही वाकडी आली. तिने ती तशीच ठेवली आणि पानावर कितीदा तरी नजर टाकली. वरचे आकडे तिचे, खालचं नाव तिचं. इतका साधा आनंद मिळवायला सात वर्षं लागावीत, याचं तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

तिचा एक नियम होता. आकडा आधी यंत्रावर बघायचा, मग सही. सुरुवातीला ऑपरेटर कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली.

वर्षभराने कॉलेजातून एक मुलगी चार आठवड्यांच्या प्रशिक्षणाला आली. हुशार, नम्र, वेळेवर येणारी. शेवटच्या दिवशी तिने फॉर्म पुढे ठेवला. ‘विद्यार्थिनीचं जर्नल तपासलं. प्रात्यक्षिकं समाधानकारक.’ खाली इनचार्जची सही. सोबत जर्नलही होतं, प्लास्टिकचं वेष्टण घातलेलं.

ताईने हीट एक्स्चेंजरचं पान काढलं. गरम सत्तर, बावन्न. थंड सत्तावीस, त्रेचाळीस. गुणाकार बरोबर होते. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘थंड पाण्याचा पाईप गरम पाण्याच्याच टोकाला जोडलेला आढळला. हाताने तपासले. यंत्र प्रत्यक्षात पॅरलल फ्लो आहे.’

ताईने ते दोनदा वाचलं. तो पाईप सरळ करून दीड वर्ष झालं होतं.

“तू हात लावून बघितलास?”

“नाही ताई. तिथे हात लावू नये अशी पाटी आहे.”

“मग हे?”

मुलगी अजिबात गडबडली नाही. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं. “पूर्वी दुसरं जर्नल होतं, पण ते खोटं निघालं. आता अण्णा कोणालाच ते देत नाहीत. ही रीडिंगं खरी आहेत ताई. सर म्हणतात, आपल्या लॅबमध्ये एवढी एकच खरी रीडिंगं आहेत. म्हणून तर आता आम्ही सगळे हीच लिहितो. अपेक्षित उत्तरसुद्धा आता हेच आहे.”

ताईच्या हातात पेन होतं. ते जर्नल कोणाचं हे सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण सांगून काय झालं असतं? मुलीने आदराने नमस्कार केला असता. खोटं असतं तर ताईने सरळ फुली मारली असती. आपल्याच हातचं, तपासून लिहिलेलं, असं समोर आलेलं बघून मात्र तिला फार एकटं वाटलं.

तिने पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म बाजूला ठेवला.

“यावर नाही करत सही. खाली ये. नऊचं रीडिंग घ्यायचंय. तू घे, जे दिसेल ते लिही. त्यावर करते.”

मुलीने लगेच लॉगबुक उचललं, पेन्सिल घेतली आणि तिच्या मागोमाग जिना उतरली. यंत्रापाशी पोचायच्या आधीच तिने पान उघडलं, नऊच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली आणि आज्ञाधारकपणे विचारलं, “साधारण किती येतं, ताई?”